निर्मितीचा आवाज कोणी काढून घेतला?

कृत्रिम बुद्धिमत्तेवरची चर्चा रंगात आली की एक तुलना हमखास निघते. मराठी अग्रलेखात ती भस्मासुराची असते, इंग्रजी अग्रलेखात फ्रँकेनस्टाइनची. दोन्हींचा रोख एकच असतो. माणसाने नको तिथे हात घातला, जे घडवले ते हाताबाहेर गेले आणि घडवणाऱ्याच्याच मुळावर उठले. मेरी शेलीच्या ‘फ्रँकेनस्टाइन’ या कादंबरीचे सार म्हणून हे इतके रुळले आहे की मूळ पुस्तकात ते कितपत आहे, हे पडताळून पाहावे असे फारसे कुणाला वाटत नाही.

पडताळता येते. या कादंबरीच्या जन्माची आणि पुढच्या प्रवासाची कागदपत्रे चांगली शाबूत आहेत. लेखिकेची रोजनिशी आहे, कादंबरी सुचली त्या १८१६ च्या उन्हाळ्यात शेजारी राहणाऱ्या एका तरुण डॉक्टरची डायरी आहे, कच्च्या खर्ड्याच्या वह्या आहेत, १८१८ ची पहिली आणि १८३१ ची सुधारलेली आवृत्ती आहे. शिवाय नाटकाची जाहिरात, ब्रिटिश संसदेतल्या भाषणाचे इतिवृत्त आणि १९३१ चा चित्रपट आहे. हे सारे कालक्रमाने लावले की माझ्या मते एक गोष्ट ठळक होते. या कथेचा गाभा ज्ञानाची हाव हा नव्हता. जन्म देऊन वाऱ्यावर सोडणे हा होता. तो पुढे झाकला गेला, आणि कसा झाकला गेला तेही कागदांवर उमटले आहे. ज्या जीवाला लेखिकेने बोलते केले होते, त्याला पुढच्यांनी मुके केले.

रोजनिशीतल्या दोन नोंदी

मेरीचा जन्म ३० ऑगस्ट १७९७ चा, लंडनमधला. आई मेरी वोलस्टनक्राफ्ट, स्त्रियांच्या हक्कांवर लिहिणारी निर्भीड लेखिका. बाळंतपणानंतरच्या आजारात ती अकरा दिवसांनी गेली. वडील विल्यम गॉडविन, त्या काळचे नावाजलेले राजकीय विचारवंत. वयाची सतरा वर्षे पुरी व्हायच्या आत, जुलै १८१४ मध्ये, मेरी कवी पर्सी शेलीबरोबर घर सोडून गेली. पर्सी तेव्हा विवाहित होता. वडिलांनी तिच्याशी संबंध तोडले.

२२ फेब्रुवारी १८१५ रोजी तिला अपुऱ्या दिवसांची मुलगी झाली. तिचे नावही ठेवले गेले नाही. ६ मार्चच्या नोंदीत मेरीने लिहिले आहे की बाळ मेलेले आढळले. १९ मार्चची नोंद एका स्वप्नाची आहे. बाळ पुन्हा जिवंत झाले होते, ते नुसते गारठले होते, शेकोटीपाशी चोळल्यावर ते जगले. जाग आली तेव्हा बाळ नव्हते.

या नोंदीतूनच कादंबरी उगवली, असे म्हणणे पुराव्याच्या पुढे जाणे होईल. पण एवढे निश्चित म्हणता येते की निष्प्राण देहात प्राण परत आणण्याची कल्पना १८१६ च्या प्रसिद्ध उन्हाळ्याआधी पंधरा महिने मेरीच्या वहीत आहे, आणि ती प्रयोगशाळेतली नसून बाळंतिणीच्या खोलीतली आहे. जानेवारी १८१६ मध्ये तिला मुलगा झाला. त्याचे नाव विल्यम. कादंबरीत व्हिक्टर फ्रँकेनस्टाइन या विद्यार्थ्याने घडवलेल्या जीवाच्या हातून पहिला जो मरतो, त्या लहान मुलाचे नावही तिने विल्यम ठेवले. असे नाव कुठलीही आई सहज ठेवत नाही. आपल्या हातून जन्मलेल्याचे आपण काय करू आणि त्याचे काय होईल, ही धास्ती या पुस्तकाच्या मुळाशी आहे, याचा याहून जवळचा पुरावा मला दिसत नाही.

जून १८१६: दोन साक्षी

एप्रिल १८१५ मध्ये इंडोनेशियातल्या सुंबावा बेटावरचा तांबोरा ज्वालामुखी फुटला. त्याची राख आणि गंधकाचे सूक्ष्म कण वातावरणात पसरले आणि पुढच्या वर्षी युरोपात उन्हाळा असा आलाच नाही. पिके बुडाली, पाऊस थांबेना. मे १८१६ मध्ये मेरी, पर्सी, तान्हा विल्यम आणि मेरीची सावत्र बहीण क्लेअर जिनिव्हाच्या सरोवराकाठी पोचले. जवळच व्हिला दियोदाती या बंगल्यात कवी बायरन आणि त्याचा विशीतला डॉक्टर जॉन पोलिडोरी उतरले होते. १ जूनच्या पत्रात मेरीने ज्युरा पर्वतावर कोसळणाऱ्या वादळांचे वर्णन केले आहे. या हवामानाचे मूळ हजारो मैलांवरच्या एका बेटावर आहे, हे तिथे कुणाला माहीत असण्याचा प्रश्नच नव्हता.

पावसाने घरात कोंडलेल्या या मंडळींपुढे बायरनने कल्पना मांडली की प्रत्येकाने एकेक भुताची गोष्ट लिहावी. पुढचा वृत्तान्त आपल्याला मुख्यतः मेरीच्याच प्रस्तावनेतून माहीत आहे. कित्येक दिवस काही सुचेना; रोज सकाळी विचारणा होई आणि रोज नकार द्यावा लागे. मग एका रात्री बायरन आणि पर्सी यांचे जीवनतत्त्वाविषयी बोलणे झाले. ते ऐकून ती झोपायला गेली आणि अर्धवट जागेपणी तिला आपण जुळवलेल्या आकृतीशेजारी गुडघे टेकून बसलेला फिकुटलेला विद्यार्थी दिसला.

ही प्रस्तावना मात्र १८३१ ची आहे. घटनेला तोवर पंधरा वर्षे झाली होती. पर्सी, बायरन आणि पोलिडोरी तिघेही मरण पावले होते. त्या आठवड्यांतली मेरीची रोजनिशी पडताळणीला उपलब्ध नाही, कारण मे १८१५ ते जुलै १८१६ या काळाची वही हरवली आहे. उरते पोलिडोरीची डायरी. १५ जूनच्या नोंदीत तो लिहितो की त्याचे आणि शेलीचे तत्त्वांविषयी बोलणे झाले. माणूस हे केवळ एक यंत्र मानावे काय, असा विषय होता. म्हणजे चर्चा झाली हे खरे, पण तिच्यात बायरनच्या जागी पोलिडोरी आहे. १७ जूनची नोंद सांगते की त्याच्याखेरीज सर्वांनी भुताच्या गोष्टी सुरू केल्या आहेत. बायरनने त्या वेळी लिहिलेला आणि पुढे छापलेला अपुरा कथाभाग याच १७ जून तारखेचा आहे. तेव्हा मेरीचे ‘कित्येक दिवस’ फार लांबलेले नसावेत.

ही डायरीही दोषमुक्त नाही. मूळ वही आज अस्तित्वात नाही. पोलिडोरीच्या बहिणीने तिची नक्कल केली, तिला अनुचित वाटलेला मजकूर गाळला आणि मूळ प्रत नष्ट केली. छापली गेली ती नक्कल, १९११ साली, पोलिडोरीचा भाचा विल्यम मायकेल रोसेटी याच्या संपादनाखाली. तरीही तारखांच्या बाबतीत तिचे वजन अधिक, कारण ती त्या त्या दिवशी लिहिलेली होती. एका मुद्द्यावर तर आकाशाचीच साक्ष काढली गेली. त्या रात्री खिडकीच्या झडपांतून चांदणे आत येत होते, असे मेरी सांगते. टेक्सासचे खगोलशास्त्रज्ञ डोनाल्ड ओल्सन आणि सहकाऱ्यांनी तिच्या राहत्या जागेची आणि मागच्या डोंगरउताराची पाहणी करून चंद्राची स्थिती काढली. १६ जूनच्या पहाटे दोनच्या सुमारास चंद्र त्या उतारावर येऊन खिडकीत प्रकाश टाकेल, असा त्यांचा निष्कर्ष २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. पोलिडोरीच्या १५ आणि १७ तारखांच्या बरोबर मध्ये ही पहाट येते.

मेरीने गोष्ट थोडी रंगवून सांगितली, पण बनवून सांगितली नाही, असे यावरून म्हणता येते.

वह्यांतली दोन हस्ताक्षरे

हरवलेल्या वहीनंतरची रोजनिशी २१ जुलै १८१६ पासून मिळते. तेव्हा ही मंडळी आल्प्समध्ये शामोनीच्या वाटेवर होती. २४ जुलैला, हिमनदीच्या परिसरात फिरून आल्यावर, आपली गोष्ट लिहीत असल्याची नोंद मेरी करते. पुढे कादंबरीत निर्माता आणि निर्मिती यांची समोरासमोर भेट घडते ती याच हिमनदीवर.

खर्ड्याच्या दोन मोठ्या वह्यांतला बराचसा भाग वाचला असून तो आज ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयात आहे; २०१३ पासून त्याची छायाचित्रे कुणालाही पाहता येतात. मजकूर मेरीच्या हातचा, डावीकडे दुरुस्त्यांसाठी समास सोडलेला. त्या समासात आणि ओळींच्या मध्ये दुसरे हस्ताक्षर दिसते, ते पर्सीचे. अभ्यासक चार्ल्स रॉबिन्सन यांनी १९९६ मध्ये या वह्यांची अक्षर न् अक्षर आवृत्ती काढली. त्यांच्या हिशेबाने बहात्तर हजार शब्दांच्या कादंबरीत पर्सीचे शब्द चार ते पाच हजारांच्या आसपास भरतात. एकाही प्रसंगाची सूचना नवऱ्याकडून घेतली नाही, असे मेरीने १८३१ मध्ये लिहिले. समासात मात्र पर्सीचा एक शेरा आहे की इंग्लंडच्या प्रवासाचा प्रस्ताव स्वतः व्हिक्टरकडूनच यायला हवा. आणि कादंबरीत तसेच झाले. म्हणून पुस्तक पर्सीचे ठरत नाही. चांगला संपादक जे करतो ते पर्सीने केले. पण कधी कधी संपादकाच्या हाताने अर्थ सरकतो, आणि तसे एक ठिकाण या वह्यांत आहे.

ते शेवटच्या पानावर आहे. निर्माता व्हिक्टर मेला आहे. तो जीव जहाजावर येतो, मृतदेहापाशी शोक करतो, उत्तरेला जाऊन स्वतःची चिता पेटवणार असल्याचे सांगतो आणि हिमखंडावर उतरतो. हे सारे पाहणारा कॅप्टन वॉल्टन कथा संपवतो. मेरीच्या खर्ड्यात वॉल्टन म्हणतो की अंधारात आणि अंतरामुळे तो मला लवकरच दिसेनासा झाला. पर्सीच्या दुरुस्तीनंतर, आणि छापील पुस्तकात, तो जीवच अंधारात आणि अंतरात हरपतो. फरक बारीक वाटेल. पण मेरीच्या वाक्यात मर्यादा पाहणाऱ्याच्या नजरेची आहे. पुढे त्याचे काय झाले हे आपल्याला ठाऊक नाही, एवढेच ती सांगते. पर्सीच्या वाक्यात त्याचा निकाल लागतो. तो गेला, संपला. या जीवाचा परस्पर निकाल लावण्याची सुरुवात अशी खर्ड्यातच होते.

प्रयोगशाळेत घडते काय?

मेरीला विज्ञानाची जाण होती, याला कागदांचा आधार आहे. १८१६ च्या ऑक्टोबरअखेर ती हम्फ्री डेव्हीचे रसायनशास्त्रावरचे पुस्तक वाचत होती आणि त्याच दिवसांत लिहीतही होती. वर्षअखेरीस तत्त्वज्ञ जॉन लॉकचा मानवी आकलनावरचा ग्रंथ वाचत होती. पर्सीवर उपचार करणारे शल्यविशारद विल्यम लॉरेन्स तेव्हा एका मोठ्या वादात उतरले होते. जीवन म्हणजे देहात वरून घातलेले निराळे तत्त्व नसून देहाच्याच रचनेचे कार्य आहे, असे त्यांचे म्हणणे होते. त्याआधी जानेवारी १८०३ मध्ये जिओव्हानी अल्दिनी याने लंडनमध्ये, फाशी दिलेल्या जॉर्ज फॉर्स्टर या कैद्याच्या मृतदेहात वीजप्रवाह सोडून जबडा आणि डोळा हलवून दाखवला होता. पुस्तकाला १८१८ ची प्रस्तावना लिहिली पर्सीने, पण लेखकाच्या भूमिकेतून. तिच्यात त्याने म्हटले की ही घटना काही शास्त्रज्ञांना अगदीच अशक्य वाटत नाही.

एवढी पार्श्वभूमी असताना मेरीने जन्माच्या प्रसंगात विज्ञान किती कमी वापरले आहे, हे पाहण्यासारखे आहे. चित्रपटांतला विजेचा कडकडाट तिथे नाही. नोव्हेंबरची रात्र, एकचा सुमार, पावसाची रिपरिप, विझत आलेली मेणबत्ती. ठिणगी कशाची, उपकरणे कोणती, यावर लेखिका थांबत नाही. तो जीव पिवळसर डोळा उघडतो, श्वास घेतो, आणि जवळजवळ दोन वर्षे त्यासाठी खपलेला व्हिक्टर त्याचे रूप पाहून खोलीबाहेर पळतो. थकून झोपतो. जागा होतो तेव्हा त्या जीवाने पलंगाचा पडदा बाजूला केलेला असतो. तो काही अस्फुट आवाज काढतो, चेहऱ्यावर हसण्यासारखे काही उमटते, एक हात पुढे येतो. व्हिक्टर पुन्हा पळतो.

भस्मासुराची तुलना इथे तुटते. भस्मासुराने वर मिळताच वर देणाऱ्याच्याच मस्तकावर हात ठेवायला धाव घेतली. मेरीने घडवलेल्या जीवाचा पहिला हात तान्ह्या मुलाचा हात आहे. तो जवळ बोलावतो. अनर्थ घडतो तो हात झिडकारल्याने. शिवाय व्हिक्टर त्याला नावही देत नाही. आपल्या पहिल्या लेकीला नाव देण्याआधीच गमावलेल्या लेखिकेने हे लिहिले आहे, हे वाचताना विसरता येत नाही.

पुढे कादंबरीच्या मध्यभागी तो जीव स्वतः बोलू लागतो. १८३१ च्या क्रमांकांनुसार अकरा ते सोळा ही सलग सहा प्रकरणे त्याच्या तोंडची आहेत. प्रकाश आणि अंधार, भूक आणि थंडी यांची ओळख होण्यापासून ती सुरू होतात. लॉकचे वाचन इथे उपयोगी पडलेले दिसते. एका गरीब कुटुंबाच्या झोपडीला लागून असलेल्या खोपटात तो लपून राहतो, फटीतून त्यांना पाहतो, त्यांच्यासाठी रात्री लाकडे फोडून ठेवतो, ऐकून ऐकून भाषा शिकतो. मिल्टनचे महाकाव्य, प्लुटार्कची चरित्रे आणि गटेची ‘वेर्थर’ कादंबरी वाचतो. अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांच्या वाट्याला काय आले हे ऐकून रडतो. त्या कुटुंबातल्या आंधळ्या म्हाताऱ्याशी बोलतो तेव्हा म्हातारा त्याला माणसासारखे वागवतो. डोळस माणसे येताच मारहाण होते. बुडणाऱ्या मुलीला तो वाचवतो आणि बक्षीस म्हणून गोळी खातो. मग तो निर्मात्याला शोधून काढतो आणि हिशेब मागतो. तू मला घडवलेस, तेव्हा तू माझे काही देणे लागतोस. मला निदान माझ्यासारखी एक सोबतीण दे.

मेरी त्याला निर्दोष ठरवत नाही. तो लहान मुलाचा गळा घोटतो, त्याचा आळ जस्टिन या निरपराध मुलीवर येईल अशी तजवीज करतो आणि ती फाशी जाते. पुढे व्हिक्टरचा मित्र आणि नवपरिणीत पत्नी यांनाही तो मारतो. ही पापे पुस्तक झाकत नाही. पण ती कोणत्या वाटेने आली, हेही झाकत नाही. जस्टिन निर्दोष आहे हे व्हिक्टरला माहीत असते आणि तो न्यायालयात गप्प राहतो. जबाबदारीपासून पळणे हा त्याचा एका रात्रीचा दोष नव्हे. तो त्याचा स्वभाव आहे.

रंगमंचावर, संसदेत, पडद्यावर

कादंबरी १ जानेवारी १८१८ रोजी तीन खंडांत, लेखकाच्या नावाविना, ५०० प्रतींत निघाली. गॉडविनला अर्पण केलेली असल्याने ती पर्सीची असावी, असा अनेकांचा तर्क होता. वॉल्टर स्कॉटने आपल्या अनुकूल परीक्षणात तसेच गृहीत धरले; जूनमध्ये मेरीने त्याला पत्र लिहून पुस्तक आपले असल्याचे कळवले.

जुलै १८२३ मध्ये लंडनच्या इंग्लिश ऑपेरा हाउसमध्ये रिचर्ड ब्रिन्सली पीक याचे नाटक आले. त्याच्या शीर्षकातच निर्मात्याच्या उद्धटपणावर ठपका होता. म्हणजे पडदा उघडायच्या आधीच प्रेक्षकाला तात्पर्य मिळाले. हरकाम्या मदतनीस फ्रिट्झ हे पात्र या नाटकाची देणगी. मूळ कादंबरीत व्हिक्टर एकटाच काम करतो. सर्वांत मोठा बदल मात्र त्या जीवाच्या बाबतीत झाला. टी. पी. कुक हा नट ती भूमिका करी आणि त्याला बोलण्यासाठी एकही वाक्य नव्हते. सहा प्रकरणे बोलणारा जीव रंगमंचावर मुका झाला. पात्रयादीत त्याच्या नावाच्या जागी नुसत्या रेघा होत्या.

वैधव्यात इटलीहून परतलेल्या मेरीने २९ ऑगस्टला हे नाटक पाहिले. ९ सप्टेंबरच्या पत्रात ती आपला मित्र ली हंट याला कळवते की आपण अचानक प्रसिद्ध झालो आहोत, नाव नसलेल्याला असे दाखवण्याची युक्ती आपल्याला आवडली, कथेची हाताळणी तितकीशी जमली नाही, पण ऐकू येणारे सूर हातात पकडू पाहणारा कुकचा अभिनय छान आहे. तिला राग आला नव्हता. पण मुका जीव किती सोयीचा असतो, हे पुढच्याच वर्षी दिसले.

१६ मार्च १८२४ रोजी ब्रिटिश संसदेत वेस्ट इंडीजमधल्या गुलामांच्या स्थितीवर चर्चा होती. परराष्ट्रमंत्री जॉर्ज कॅनिंग यांनी युक्तिवाद केला की गुलामांना एकदम मुक्त करणे धोक्याचे, कारण त्यांचे शरीर प्रौढ पुरुषाचे आणि बुद्धी बालकाची आहे. यासाठी त्यांनी दाखला दिला तो अलीकडच्या एका कादंबरीतल्या निर्मितीचा. कादंबरीचे नाव घेण्याचीही त्यांना गरज पडली नाही. ज्या पुस्तकातला जीव मिल्टन वाचतो आणि स्वतःच्या हक्कांची बाजू तर्कशुद्धपणे मांडतो, त्याच पुस्तकाचा वापर माणसांचे हक्क लांबणीवर टाकण्यासाठी झाला. त्या जीवाचे बोलणे गाळल्याशिवाय हा दाखला देताच आला नसता. माझ्या दृष्टीने या सगळ्या पुराव्यांत हा कागद सर्वांत महत्त्वाचा आहे.

१८३१ ची आवृत्ती मेरीने स्वतः सुधारली. आता व्हिक्टर दैवाच्या हातातले बाहुले अधिक वाटतो. आधी त्याची आतेबहीण असलेली एलिझाबेथ आता आणून वाढवलेली अनाथ मुलगी होते. व्हिक्टरचा मित्र क्लेर्व्हाल याच्या पौर्वात्य भाषांच्या अभ्यासाला हिंदुस्थानातल्या युरोपीय वसाहतीला आणि व्यापाराला हातभार लावण्याचा हेतू चिकटतो. १८१८ मध्ये तो नव्हता. प्रस्तावनेत सृष्टिकर्त्याच्या यंत्रणेची नक्कल करण्याच्या भयंकरपणाचा उल्लेख येतो. तेव्हा ‘ईश्वराची बरोबरी’ हा अर्थ पुढे करण्यात मेरीचाही हात आहे, हे मान्य केले पाहिजे. मधल्या काळात लॉरेन्स यांच्यावर धर्मनिंदेचा ठपका आला होता आणि त्यांना आपले पुस्तक मागे घ्यावे लागले होते. बदललेल्या वातावरणाचा हा परिणाम असावा, हे अभ्यासक मॅरिलिन बटलर यांचे प्रतिपादन मला पटते. मात्र मुख्य जागा मेरीने हलवली नाही. ती सहा प्रकरणे तशीच राहिली. आणि त्याच प्रस्तावनेत ती आपल्या पुस्तकाला स्वतःचे कुरूप अपत्य म्हणते, त्यावर आपली माया असल्याचे सांगते आणि त्याला भरभराटीचा आशीर्वाद देऊन जगात पाठवते. व्हिक्टरने जे केले नाही, ते तिने केले.

नंतर शंभर वर्षांनी, नोव्हेंबर १९३१ मध्ये, जेम्स व्हेल दिग्दर्शित चित्रपट आला. बोरिस कार्लोफच्या मुद्रेमुळे त्या जीवाचे जे रूप जगाने स्वीकारले, ते आजवर हटलेले नाही. कार्लोफचा अभिनय करुणेने भरलेला आहे. पण पटकथेने दोन गोष्टी केल्या. मदतनीस चुकून गुन्हेगाराचा बिघडलेला मेंदू चोरून आणतो. म्हणजे क्रौर्य जन्मजातच ठरले आणि टाकून देण्याच्या पापातून निर्माता सुटला. आणि बुडणाऱ्या मुलीला वाचवणाऱ्या जीवाच्या हातून इथे लहान मुलगी पाण्यात बुडते. संवाद त्याला इथेही नाहीत. सुरुवातीच्या श्रेयनामावलीत नटाच्या नावाच्या जागी प्रश्नचिन्ह आहे, आणि लेखिकेचे नाव छापले आहे ‘मिसेस पर्सी बी. शेली’.

कर्तव्य कुणाचे?

विसाव्या शतकातल्या विज्ञानकथेने या वारशाशी दोन तऱ्हांनी व्यवहार केला. यंत्र निर्मात्यावर उलटणारच, या भीतीला आयझॅक असिमोव्ह याने फ्रँकेनस्टाइनचेच नाव दिले, आणि तिला उत्तर म्हणून १९४२ मध्ये यंत्रमानवांचे तीन नियम मांडले. माणसाला इजा करू नये, त्याची आज्ञा पाळावी, मग स्वतःला जपावे. नियम नेटके आहेत आणि त्यांतून उत्तम कथा निघाल्या. पण तिन्ही नियमांतली सगळी बंधने घडवलेल्यावर आहेत. घडवणाऱ्यावर एकही नाही. दुसरी वाट १९८२ च्या ‘ब्लेड रनर’ची. त्यात अल्पायुषी कृत्रिम मानव आपल्या निर्मात्याच्या महालात शिरतो आणि आयुष्य वाढवून मागतो. हिमनदीवरचा तो हिशेब इथे पुन्हा मागितला जातो, आणि मागणारा पुन्हा बोलणारा आहे.

आजच्या चर्चेत मला पहिलीच वाट जास्त दिसते. यंत्र बिघडेल काय, उलटेल काय, त्याच्या मनात काय आहे, असे आपण विचारतो. हे बिघडलेल्या मेंदूचे प्रश्न झाले. १९३१ च्या चित्रपटाने शिकवलेले. मेरीच्या १८१८ च्या पानांवरून निघणारे प्रश्न निर्मात्याला विचारायचे आहेत. जे बनवले ते जगात सोडल्यानंतर त्याच्यापाशी कोण थांबले? त्याच्यामुळे जस्टिनसारखे कुणी निरपराध भरडले जात असताना, खरे ठाऊक असलेले कोण गप्प राहिले? आणि ज्याला आपण धोकादायक म्हणतो, तो माणूस असो वा समाज, त्याचे म्हणणे आपण सलग सहा प्रकरणे ऐकून घेतले का, की कॅनिंगसारखे त्याचे बोलणे गाळून दाखला देऊन मोकळे झालो?

अठरा वर्षांच्या एका आईने हे प्रश्न लिहायला घेतले, तेव्हा तिने ज्ञानाला दोष दिला नाही. तिच्या घरात ज्ञान हेच दैवत होते. तिने दोष दिला तो पाठ फिरवण्याला. फ्रँकेनस्टाइनचे नाव घेऊन संशोधन थांबवा म्हणणारे आणि तेच नाव हसण्यावारी नेणारे, दोघेही तिच्या पुस्तकाची मधली प्रकरणे उलटून गेले आहेत. ती वाचली तर पुस्तकाची मागणी अगदी सरळ आहे. घडवा, पण घडवल्यावर पळू नका.